भेगेतला कापूस

आमच्या पट्ट्यात पाणी खारं. इहिरीचं खारं, हापशीचं खारं. चहात दूध फाटते, दाळ शिजता शिजत नाही, अन नवी सून आली का पयल्याच घोटाले तोंड वाकडं करते. मूर्तिजापुरातून यष्टीनं पूर्णा नदीकडं उतरा, तिथून पुढं सारी हेच गत. म्हणून आम्ही टाकं बांधलं होतं. आम्ही म्हणजे मी नसीमबानो अन आमच्या घरचे गयासुद्दीन पिंजारी, गाद्या भरणारे. नाव घेतलं तं घेतलं, या वयात काय लाजायचं!

घराले स्लॅब होता. स्लॅबवरचं पावसाचं पाणी पायपानं खाली उतरे अन अंगणातल्या टाक्यात जाये. टाकं जमिनीच्या आत, वरतून लोखंडी झाकण. एक पावसाळा भरलं का पुढच्या उन्हाळ्यालोक पुरे, पण फक्त प्याले. गल्लीत कोणाचं बाळंतपण निंगालं, कोणाले ताप आला, तं पाण्याची गुंडी घेऊन माह्याच दारात. तोंडानं मी कडू हाय, हे साऱ्या गावाले माहीत हाय. पण पाणी माहं गोड होतं, अन मी कोणाले नाही म्हटलं नाही.

तुराट्याच्या कुडापल्याड दुर्गाबाईचं घर. आम्ही दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आलो. भांडलो बी लय अन जेवलो बी एकमेकीच्या हातचं. तिचे घरचे वामनभाऊजी गेले तवा तिचा गजेंद्र लहान होता. अर्धा तो माह्याच अंगणात वाढला. मी त्याले गजू म्हणो. मोठा झाला, वावर सांभाळू लागला, अन अचलपूरची दामिनी करून आणली. मायबाई, काय पोरगी होती! बोलायले लागली का दुर्गीले बी गप बसा लागे, अन दुर्गीले गप करणं सोपं नव्हतं.

दामिनीचं पोट राहे अन टिकत नसे. एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं. दुसऱ्यांदा तं पावसाळ्यात नाल्याकडं बसायले जाताना घसरून पडली, तवा. गजू त्या दिवशी रडला नाही, काही नाही. खणायची सब्बल घेतली अन म्हणे, "चाची, आता ते नाल्याकडं जाणार नाही. घरातच संडास करतो."

करा बाबू, कोण नाही म्हणते! पण आमची घरं काळीत. जुनं गाव पांढऱ्या मातीवर हाय, तिथं खड्डा केला तं पाणी मुरते. गाव वाढलं, लोकं खाली काळ्या मातीत उतरले, अन या मातीत पाणी मुरत नाही. चिखल होते, साचते, सडते. गजूले हे माहीत होतं. म्हणून त्यानं आधी पाहून घ्यायचं ठरवलं. तवालोक पुढचा उन्हाळा आला, महिना वैशाखाचा. वैशाखात आमची काळी अशी फाटते का पाय गेला तं घोट्यालोक आत, अन चप्पल गेली तं गेलीच. कुडाले लागून त्याच्या अंगणात एक मोठी भेग होती. त्यानं तिच्यात ड्रमभर पाणी ओतलं. गटागट पेली. आणखीन ओतलं, ते बी पेली.

"चाची, या, पाहा!" त्याचं तोंड फुललं होतं. "इथं खड्डा केला तं जिंदगीभर भरत नाही."

आम्ही साऱ्याच खुश. दुर्गीनं तं नारळ फोडला. बाप्पा, उन्हानं तहानलेली माती पाणी पेली तं त्यात नवल काय? पण नाही सुचलं कोणाले. जिंदगी या मातीत गेली, पऱ्हाटीचा कापूस इथंच वेचला, चपला याच भेगांत हरवल्या, तरी नाही सुचलं. गजूनं सोताच्या हातानं खड्डा खणला, आतून जाळीदार वीटकाम केलं, वर फरशी टाकली. दामिनीले म्हणे, "घे, तुह्या नावानं बांधला." ते लाजली. संडासासाठी लाजणारी मी तेच एक पाह्यली.

पावसाळा आला. झड लागली अन काळी फुगली. भेगा मिटल्या, खड्डा काठोकाठ भरला, संडासात पाणी टाकलं का उलटं वर ये. गजू बकिटीनं उपसे अन दूर वावराच्या धुऱ्याकडं, बांधाले, नेऊन टाके. दामिनी कुडापलीकडून मले म्हणे, "चाची, आमचा खड्डा पोटुशी राह्यला!" मी हसो. दुर्गी आतून तिच्यावर खेकसे.

होळी झाली, माती तडकू लागली, अन खड्डा पुन्हा पेऊ लागला. दुर्गी म्हणे, सुटली बाई कटकट. ते पाणी जाते कुठं, हे कोणी इचारलं नाही. मी बी नाही. डोळ्याम्होरून गेलं ना? मंग झालं.

त्याच उन्हाळ्यात दामिनी खरोखर पोटुशी होती. यावेळी टिकलं होतं. दुर्गी तिले खाली वाकू देत नव्हती. अन एक दिवस कुडाजवळ येऊन मले म्हणते, "नसीम, पोरीले डोहाळे लागले वं. कायचे माहीत हाय? मायेरच्या पाण्याचे! अचलपूरचं गोडं पाणी पाह्यजे म्हणते. आता मी यष्टीनं पाणी आणू काय?"

"यष्टी कायले पाह्यजे?" मी म्हटलं. "टाकं काय मी कबरीत नेणार हाय? रोज देत जाईन."

रोज सकाळी मी गुंडी धुऊन, फडक्यानं गाळून पाणी काढो अन कुडावरून दामिनीच्या हातात देवो. ते तिथंच उभी राहून पेये. डोळे मिटून घे. मंग म्हणे, "आलं चाची, अचलपूर आलं." माहं मन भरून ये. पोटची पोर नसलेल्या बाईले आणखीन काय पाह्यजे असते?

आधी आमच्या घरचे पडले. डोळे पिवळे, अन्न नको, अंगात जीव नाही. कावीळ होय म्हणून झाडपाल्याचं औषध देलं, पथ्य केलं, ते उठून बसले. अन मंग एक दिवस दामिनीनं पाण्याची गुंडी वापस देली. "आज नको चाची, मळमळते." मी तिच्या डोळ्यात पाह्यलं, तं ते बी पिवळे.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण चांगली होती बिचारी, सारं सरळ सांगून देलं. म्हणे हे कावीळ खराब पाण्यातून येते, दुसऱ्याले होते अन जाते, पण पोटुशीले सोडत नाही. लेकरू पोटातच गेलं. मंग दामिनी बेसुद झाली, अन मंग ते बी गेली. या अल्ला, काय मागितलं होतं त्या पोरीनं? पाणीच तं मागितलं होतं.

मय्यत आणली तवा गजू भितीले टेकून बसला होता. मी जवळ गेली तं माहा हात धरला. म्हणे, "चाची, माह्याकडून काय चुकलं? तुमी सांगा. माह्या हातून काही झालं असंन ना, तं मी बी राहत नाही मांगं."

तुमाले वाटंन, माणूस दुखात बोलते असं. पण ते सालं कोणती होती हे इसरू नका. आमच्या भागात तवा पेपर उघडला का कोणत्या ना कोणत्या गावच्या पोरानं जीव देलेला असे. कोणी नापिकीनं, कोणी बापाच्या एका शब्दानं. मायबाया पोरगा वावरातून यायले उशीर झाला का धुऱ्यालोक पयत जायत. अशा सालात गजूसारखा पोरगा 'मी राहत नाही' म्हणते, तवा ते नुसतं बोलणं नसते. ज्याचं जळते त्याले कळते.

दवाखान्यातून एक माणूस आला, साऱ्यांचं पाणी बाटल्यांत घेऊन गेला. मंग निरोप आला का पिंजाऱ्याच्या टाक्याचं पाणी खराब हाय, कोणी पिऊ नका. बस. साऱ्या गल्लीनं माह्या घराकडं पाठ केली. मले राग आला, लय राग आला. माहं टाकं? दरसाल मी आत उतरून घासतो, चुन्यानं धुतो, अन माहं टाकं खराब? आमच्याकडं तं संडास बी नव्हता. मी शिडी लावली अन आत उतरली.

पाणी तळाले उरलं होतं. तीन भिती कोरड्या ठक्क. चौथी भित, दुर्गीच्या कुडाकडची, वरपासून खाली तडकली होती. भाएरची माती सुकून मांगं सरकली अन भित घेऊन गेली. त्या तड्यातून काळा ओघळ आलेला. मी नाक जवळ नेलं. नाकाले समजलं ते डोक्याले समजायले टाइम लागला. तेवढ्यात पल्याड कोणीतरी संडासात बकीट रिकामी केली, मले आवाज आला. मी तिथंच उभी राह्यली. थोड्या वेळानं त्या तड्यातून थेंब थेंब पाझरायले लागलं.

गजूचा खड्डा पाणी पेत नव्हता. भेगेभेगेनं माह्या टाक्यात आणून देत होता. अन मी ते गाळून त्याच्या बायकोले पाजत होती.

मी वर आली, झाकण टाकलं अन झाकणावर बसली. घरचे अशक्त होते, खाटेवर पडूनच म्हणे, "बानो, सच बोल दे. छुपा के क्या मिलेगा?"

"सच बोललं तं पोरगा मरते," मी म्हटलं. "त्यानं सोताच्या हातानं खणला तो खड्डा. तिच्यासाठी खणला."

त्याईनं गोधडी तोंडावर ओढली.

अन त्याच दिवशी, दुपारच्याले, गजू सब्बल घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणे, "चाची, उठा. मले टाकं पाहू द्या. पाण्यात घाण आली कुठून, ते मले पाह्यचं हाय."

मातीतला माणूस तो. आत उतरला असता तं एका नजरेत त्याले समजलं असतं.

"काही पाहायची गरज नाही," मी म्हटलं. "उंदीर मेला होता आत."

"कवा?"

"झाले लय दिवस."

"तुमाले माहीत होतं?"

इथं मी 'नाही' म्हणू शकत होती. पण 'नाही' म्हटलं असतं तं तो म्हणाला असता, बरं, मंग पाहू द्या. मी झाकणावरून उठली नाही. "माहीत होतं," मी म्हटलं. "काढून फेकला. पाण्याचा वास नव्हता, म्हटलं चालते."

"माहीत होतं, अन तरी दामिनीले देलं?"

"हो."

त्यानं सब्बल उचलली. मले वाटलं आता माह्या डोक्यात घालते. घातली असती तं बरं झालं असतं, खुदा कसम. पण तो माह्या पायाजवळ थुंकला अन निंगून गेला. मी मनात म्हटलं, थुंक बेटा. माह्यावर जळत राह्यला तं जगशीन.

दुर्गी कुडाजवळ उभी राहून सारं आयकत होती. तिनं मले असे शाप देले का तिच्या तोंडून ते शब्द मी कधी आयकले नव्हते. शेवटी म्हणे, "आजपासून तुहा आवाज माह्या कानाले मेला, नसीम. हाक मारशीन तं कुत्रं भुकलं समजीन." अन तिनं ते पाळलं. दुर्गीनं कोणती गोष्ट अर्धी सोडली होती जिंदगीत? कुडाजवळ आली तरी माह्याकडं पाहत नसे. मी बी उलटून बोलली नाही. माह्यासारख्या तोंडाळ बाईले ते किती जड गेलं, ते मलेच माहीत.

टाकं आम्ही माती टाकून बुजवलं. खारं पाणी प्यायले लागलो. गजू वावरात जाये, येये, दोन घास खाये. हसत नसे, पण होता. सकाळी कुडातून त्याची पाठ दिसली का माहा दिवस निभे. पावसाळा गेला, थंडी गेली.

अन पुन्हा माती तडकू लागली.

तेच भेग पुन्हा उघडली. त्याच्या खड्ड्याजवळून निंगून कुडाच्या बुडातून थेट माह्या बुजलेल्या टाक्यापर्यंत. बोट ठेवून दाखवावं अशी सरळ. ते मायलेक घरी नसले का मी दोन्ही अंगणात टोपल्यानं माती आणून टाको. संध्याकाळलोक माती आत बसे अन भेग पुन्हा तोंड उघडे. राख टाकली, ते बी गेली. मंग मले घरातला कापूस दिसला. जुन्या गाद्या उसवल्या का जो सडका कापूस निंगते, त्याची पोती पडली होती आमच्याकडं. मी तो भेगेत ठासून ठासून भरला अन वरतून माती सारवली. चांगलं बसलं. भेग दिसेनाशी झाली. मले वाटलं, हा उन्हाळा निंगाला.

पिंजाऱ्याची बायको मी. दिव्याची वात वळत जिंदगी गेली. कापूस ओल ओढते, हे मले कोणी शिकवावं काय? पण आकलेवर धोंडा पडला. खड्ड्यातलं पाणी त्या कापसानं ओढलं अन वर आणलं. भर उन्हाळ्यात, साऱ्या अंगणात धूळ उडून राह्यली, अन त्यात एक ओला काळा पट्टा, त्याच्या खड्ड्यापासून माह्या टाक्यालोक. त्याले माश्या लागलेल्या.

त्या दिवशी आमच्या घरचे अकोल्याले, जठारपेठेत गाद्या भरायले गेले होते. दुर्गी अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. गजू तोंड धुऊन आला अन त्या पट्ट्याजवळ थांबला. वाकला. मातीतून कापसाचं टोक दिसत होतं, ते धरून ओढलं. लांबच लांब निंगालं, ओलं, काळं, घाण मारणारं. तो ओढत ओढत कुडालोक आला. कुडाच्या या बाजूनं मी उभी होती.

त्यानं कापूस पाह्यला. खड्ड्याकडं पाह्यलं. माह्या टाक्याच्या जागेकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

"चाची," तो म्हणे, कितीतरी महिन्यानं चाची म्हणे, "उंदीर होता म्हणत होत्या ना तुमी?"

"होता बेटा, उंदीरच होता."

"बरं," तो म्हणे. कापूस खाली ठेवला, हात पुसले, घरात गेला, अन आतून कडी लावल्याचा आवाज आला.

"दुर्गे!" मी वरडली. "दुर्गे, गजूले पाह्य! दार लावलं त्यानं, दुर्गे!"

दुर्गी पाखडतच राह्यली. मी पुन्हा हाक मारली, नरडं फाटेलोक मारली. तिनं सूप उचललं, माह्याकडं पाठ केली अन पुन्हा पाखडायले बसली. मी रस्त्यावर पयाली. दुपारचं गाव रिकामं. गल्लीतला खुशालराव एकटा घरी सापडला, त्याले ओढत आणलं, त्यानं दार तोडलं. तवालोक होऊन गेलं होतं सारं.

तेरवी झाली. पाव्हणे गेले. दुर्गीचं अंगण मोकळं झालं, अन कुडापाशी पाऊल वाजलं. ते उभी होती. केस सुटलेले, आवाज बसलेला.

"नसीम," ते म्हणे. "एक इचारू काय? खरं सांग वं. त्या दिवशी मी पाखडत होती तवा तू मले हाक मारली होती काय? मले रोज आयकू येते. दुर्गे, दुर्गे. मी पाठ केली होती असं वाटते. का मले भास होते?"

तिचे हात कुडाच्या तुराट्या धरून होते. माह्या पायाखाली ते भेग होती, अजून ओली.

"नाही वं दुर्गे," मी म्हटलं. "मी कुठं हाक मारली? भास असंन तुले."